ऑनलाइन दुकानासाठी होस्टिंग कसे निवडावे?

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात माल किती, हे पाहून जागा धरतात. ऑनलाइन दुकानाचेही तसेच. त्या जागेला होस्टिंग म्हणतात. आपल्या अनेक घरांतून आज बुरखे, अत्तर, खजूर ऑनलाइन विकले जातात, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

साध्या वेबसाइटचे पान एकदा तयार करून साठवता येते. दुकानात कार्ट आणि पेमेंटचे पान प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नव्याने बनते. त्यामुळे सर्व्हरवर ताण येतो.

शेअर्ड होस्टिंग : एका सर्व्हरवर अनेक वेबसाइट. स्वस्त, पण गर्दी झाली की साइट रखडते. सुरुवातीला चालेल.

व्हीपीएस : रॅम व प्रोसेसरचा आपला ठरलेला वाटा. वूकॉमर्सवर शेकडो वस्तू असतील तर 2 कोअर, 4 जीबी रॅमपासून सुरुवात करावी. देखभाल जमत नसेल तर मॅनेज्ड सेवा घ्यावी.

क्लाउड : रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात क्षमता वाढवा, ईदनंतर कमी करा. बिलावर मात्र लक्ष ठेवा.

पैसे भरण्याआधी विचारा : सर्व्हर मुंबईत किंवा जवळपास आहे का? रोज बॅकअप होतो का? दुसऱ्या वर्षीचा दर किती? पहिल्या वर्षीची सवलत पुढे बहुधा राहत नाही. डोमेन स्वतःच्याच नावावर घ्या.

फोटो वेबपी स्वरूपात लहान करून टाका; बराच भार तिथेच हलका होतो. वर्षभर शिवलेला माल ऐन ईदला साइट बंद पडून घरात राहू नये, एवढीच काळजी.