लोकसंख्याशास्त्राचा विद्यापीठीय अभ्यास आणि सिलतरा
सिलतरा (रायपूर, छत्तीसगड) : रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगतचा सिलतरा परिसर स्पंज आयर्न व पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. अशा औद्योगिक गावात नेमके किती लोक राहतात, हा वरकरणी साधा वाटणारा प्रश्न लोकसंख्याशास्त्राच्या केंद्रस्थानी आहे.

लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीन घटकांनी बदलते. औद्योगिक गावात तिसरा घटक प्रबळ ठरतो. रोजगारासाठी मुख्यतः तरुण पुरुष येत असल्याने वयोरचना आणि लिंग गुणोत्तर दोन्ही एका बाजूस झुकतात. तेथील कच्चा मृत्युदर कमी दिसला तरी त्यावरून आरोग्यमान उत्तम असल्याचे सिद्ध होत नाही. वृद्धांचे प्रमाण अल्प असल्याचाही तो परिणाम असू शकतो. त्यासाठीच वयानुसार प्रमाणीकरणाची पद्धत अभ्यासक्रमात आवर्जून शिकवली जाते.

भारतात या विषयाचे संघटित शिक्षण मुंबईत सुरू झाले. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने १९५६ मध्ये स्थापन झालेले प्रशिक्षण व संशोधन केंद्र आज देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून कार्यरत आहे. १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्यूचे केलेले सर्वेक्षण १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील संख्याशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्राचा पदवीधरही या विषयाकडे वळू शकतो.

अभ्यासाची खरी कसोटी आकडे वाचताना लागते. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगडची लोकसंख्या २,५५,४५,१९८, तर रायपूर जिल्ह्याची ४०,६३,८७२ होती. मात्र जानेवारी २०१२ मध्ये त्यातून बलौदाबाजार आणि गरियाबंद हे जिल्हे वेगळे झाले. जुना आकडा आजच्या जिल्ह्याशी ताडून पाहणे ही नवख्या संशोधकाची हमखास होणारी चूक आहे.

गाव आणि शहर यांतील सीमारेषाही व्याख्येवर ठरते. किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात आणि प्रति चौरस किलोमीटर किमान ४०० घनता, हे तिन्ही निकष पूर्ण करणाऱ्या गावास जनगणना शहर मानते. प्रशासन मात्र ग्रामपंचायतीकडेच राहू शकते. देशात अशी शहरे २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांना पाणी, सांडपाणी आणि रस्त्यांची गरज शहराची, पण यंत्रणा गावाची, असा पेच त्यातून उद्भवतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्याचा एकूण जननदर १.८ आहे. परंतु हे नमुना सर्वेक्षण जिल्ह्याखालील चित्र देत नाही. गावनिहाय माहितीसाठी जनगणनेलाच पर्याय नाही आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातील राज्यनिहाय लाभार्थीसंख्याही २०११ च्याच आकड्यांवर बेतलेली आहे. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी निश्चित करण्यात आली असून, काही महिन्यांपुरता कामावर येऊन परतणारा मजूर कोठे मोजला जाईल, हे त्या वेळच्या त्याच्या वास्तव्यावर अवलंबून राहील.