मोहाचे फूल आणि आबकारीचा कागद

किनवट तालुका आज नांदेड जिल्ह्यात मोडत असला, तरी त्याच्या जुन्या दप्तराचा बराच भाग आदिलाबादच्या शिक्क्याने उमटलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल तत्कालीन मुंबई राज्याकडे आले, आणि तोपर्यंत आदिलाबादच्या कचेरीकडे जाणारी या मुलखाची गाऱ्हाणी नांदेडच्या कलेक्टर कचेरीकडे वळली. मात्र कचेरी बदलली म्हणून रान बदलत नाही. पैनगंगेच्या काठाने सहस्रकुंडापासून उनकेश्वराच्या ऊन झऱ्यांपर्यंत आणि पुढे माहूरच्या रेणुकेच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या सागवानी अरण्यात गोंड, परधान, कोलाम आणि आंध या जमाती जशा पूर्वी नांदत होत्या तशाच नंतरही नांदत राहिल्या. आणि फाल्गुन सरता सरता, पाने झडून उघड्या पडलेल्या मोहाच्या झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ करण्याचा त्यांचा प्रघातही कोणत्या राज्यात आपण मोडतो याची वाट पाहत थांबला नाही.

मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटेच्या सुमारास गळते. ते मांसल, रसाळ, फिकट सोनेरी रंगाचे असते. वाळले की तांबूस होते, आणि सुकलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. ज्या रानात उसाचा मळा नाही आणि गूळ विकत घ्यावा तर गाठीला पैसा नाही, तेथे ही शर्करा आकाशातून पडते, आणि ती वेचण्यासाठी बाया व मुले टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वी झाडाखाली पोहोचतात. हे फूल भाकरीत मिसळतात, उकडून खातात, भाजून पावसाळ्यातील तुटीच्या दिवसांसाठी साठवून ठेवतात. याच झाडाच्या फळातील टोळीपासून, म्हणजे बीपासून, तेल निघते. मोहाचा विचार केवळ दारूच्या अंगाने करणारा मनुष्य या झाडाचे अर्धेच दर्शन घेतो असे मला वाटते, आणि सरकारी कागदाने नेमके तेवढेच दर्शन घेतले, हा या लेखाचा विषय आहे.

घरोघरी चालत आलेली कृती साधी असली तरी तिला डोळ्यात तेल घालून सांभाळावे लागे. वाळलेली फुले मातीच्या माठात पाण्यात भिजत घालायची आणि ऋतुमानाप्रमाणे चार ते आठ दिवस ती तशीच मुरू द्यायची. फुलावर व माठाच्या अंगाला निसर्गतः वसणारे किण्व शर्करेचे मद्यार्कात रूपांतर करू लागते, पाण्यावर बुडबुडे येतात, फेस चढतो, मग हळूहळू बसतो, आणि फेस बसला की सडवा तयार झाला असे जाणती बाई वासावरून ओळखते. येथपर्यंतची क्रिया आणि युरोपातील घरगुती यवमद्याची क्रिया यांत तत्त्वतः अंतर नाही. तिकडे जव मोडवून, भाजून, उकळून त्याची शर्करा मिळवावी लागते, इकडे झाड ती तयार करून देते, एवढाच काय तो भेद. मात्र तिकडील मद्य याच टप्प्यावर पिंपात भरले जाते आणि इकडील सडवा चुलीवर चढतो. माठाच्या तोंडावर दुसरे भांडे उपडे बसवून सांधा चिखलाने लिंपायचा, वर थंड पाणी ठेवायचे, पाणी तापले की बदलायचे, आणि नळीतून ठिबकणारी धार खालच्या मडक्यात धरायची. प्रथम येणारी धार तीव्र असते, उत्तरोत्तर ती सौम्य होत जाते, आणि म्हणूनच ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग आजही मराठी मुलखात सर्वत्र समजतो.

ही धार कोणासाठी धरली जाई, हे पाहिल्यावाचून या उद्योगाचा अर्थ कळत नाही. गोंडांचा कुलदेव पेरसापेन याच्या पूजेत मोहाच्या दारूचा नैवेद्य असतो; लग्नाची बोलणी, मृताचे विधी, नव्या फुलाचा पहिला घास, दिवाळीतील दंडारीचा नाच, या प्रत्येक प्रसंगी ती आधी जमिनीवर पितरांसाठी शिंपडली जाते आणि मग माणसांच्या ओंजळीत येते. कुळाच्या कथा किंगरीवर गाणाऱ्या परधानाला ती मानाने दिली जाते. अशा समाजात ती विकण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे, आणि ज्या वस्तूची विक्री नाही तिला बाजारी नाव लागत नाही. देवासाठी काढलेली, सोयरिकीसाठी काढलेली, दिवसकार्यासाठी काढलेली, असे तिचे वर्णन प्रसंगावरून होई, आणि तेवढी ओळख पुरेशी होती.

मोहाच्या मद्याची माहिती नागर समाजालाही प्राचीन काळापासून होती. चरकसंहितेत ग्रहणीच्या चिकित्सेत मधूकासव सांगितले आहे. अबुल फजलाने ‘आइने अकबरी’त मोहाच्या झाडाची आणि त्यापासून होणाऱ्या मादक पेयाची नोंद केली आहे; त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत माहूरचे नावही आहे, म्हणजे किनवटचे हे रान त्या काळीही दिल्ली-आग्र्याच्या कागदावर चढलेले होते. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो कौटिल्याचा ‘सुराध्यक्ष’ हा अधिकार. मद्यावर राजाची मक्तेदारी असावी, ते ठरावीक ठिकाणीच विकले जावे आणि राजाच्या मद्यशाळेबाहेर ते करणाऱ्यास दंड व्हावा, असे कडक नियम करणारा तो अर्थशास्त्रकार त्याच अधिकारात गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट तयार करण्याची मोकळीक देतो, आणि उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सवलत ठेवतो. महसुलाचा एक पैसाही सुटू नये म्हणून जागता पहारा ठेवणाऱ्या ग्रंथकारालाही घरातील कार्य आणि बाजारातील गुत्ता यांमधील भेद मान्य होता.

हा भेद पुढच्या दप्तरातून कसा पुसला गेला, हे निजामी राज्यात स्पष्ट दिसते. पहिल्या सालारजंगाने दिवाणगिरी हाती घेतल्यावर महसुलाचे जुने इजारे मोडून १८६५ पासून जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, केली आणि सरकारी अंमलदारांमार्फत वसुली सुरू केली. शेतसाऱ्यातून मक्तेदार बराचसा हटला, परंतु आबकारीत तो ठाण मांडून बसला. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने द्यायचा, अधिक बोली करणाऱ्या गुत्तेदाराने रक्कम भरायची आणि ती व्याजासह रयतेच्या घशातून वसूल करायची, ही पद्धत सरकारच्या सोयीची होती, कारण उत्पन्न आधीच ठरलेले असे आणि पहारा गुत्तेदाराचे नोकरच करीत. फसली सन १३१६, म्हणजे इसवी सन १९०६-०७ च्या सुमारास, हैदराबादचा आबकारी कायदा झाला, आणि हळूहळू घरची चूल, माठ व नळी ही गुन्ह्याची साधने ठरली. शिंदीची झाडे आणि मोहाची फुले दोन्ही या खात्याच्या नजरेखाली आली. किनवटसारख्या सरहद्दीच्या मुलखात, जेथे तेलंगणातील शिंदी आणि मराठवाड्यातील मोहाची दारू यांचा संगम होतो, तेथे हा जाच दुहेरी होता. राज्याच्या मोठ्या उत्पन्नाच्या बाबींत आबकारीची गणना होऊ लागली. दरबारी उर्दूत या फुलाला ‘गुलमोहा’ असे देखणे नाव मिळाले. इतके नाजूक नाव धारण करणाऱ्या फुलावर परवाना, पंचनामा, जप्ती आणि मुचलका यांचे ओझे पडावे, याचा मला खेद वाटतो.

इंग्रजी मुलखात याहून वेगळे घडत नव्हते. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा झाला. त्यावेळी उरणच्या पारशी भट्टीवाल्यांची मोहाची दारू मुंबईची तहान भागवीत असे, आणि तिच्यासाठी लागणारी फुले पंचमहालांकडून येत. ठाणे-कुलाब्याकडे एकदा गाळलेल्या दारूस राशी आणि दुबार गाळलेलीस बेवडा म्हणत. मालाचे हे नाव पुढे तो पिणाऱ्या मनुष्याला चिकटले. कायद्याने दारू बांधली तरी लोक घरी गाळतात, असे आढळल्यावर सरकारने फुलालाच हात घातला, आणि १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांपुरता मोहाच्या फुलांची आयात व साठा यांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा केला. गाईगुरांना आणि गरिबांच्या पोटाला लागणारी ही फुले महसुलाच्या एका बाबीच्या रक्षणासाठी बांधली गेली. गंमत म्हणून नव्हे, तर तुलनेसाठी सांगतो की खुद्द इंग्लंडातही १८८० च्या कायद्याने घरगुती मद्य करणाऱ्यास परवाना घ्यावा लागे. तो १९६३ मध्ये उठला, आणि त्यानंतर तिकडे घरोघरी पिंपे भरू लागली. पुढे १९८६ मध्ये एक्समूर भागातील एका मद्यशाळेने आपल्या फिकट, सोनेरी रंगाच्या यवमद्याला ‘एक्समूर गोल्ड’ असे परगण्याचे नाव दिले, आणि सोनेरी मद्य हा तिकडे एक मान्य प्रकार होऊन बसला. आपल्या गावाचे नाव आपल्या घरच्या पेयाला देण्याची ती मुभा किनवटच्या गोंडाला त्या वर्षीही नव्हती.

येथे १९४० च्या घटनेचे स्मरण अपरिहार्य आहे. जोडेघाटच्या डोंगरात गोंड पुढारी कुमरम भीमू आणि त्याचे सहकारी निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. भांडण जमिनीचे आणि जंगलाचे होते, दारूचे नव्हते. परंतु त्यानंतर आपल्याच रानात गोंड परका का झाला, याची चौकशी करण्याची जाग हैदराबाद सरकारला आली, आणि ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे ते काम आले. मारलवाई येथे राहून त्याने गोंडांची भाषा व विधी अभ्यासले आणि आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्याचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. किनवट तेव्हा त्याच जिल्ह्यात असल्यामुळे तो ग्रंथ किनवटच्याही पूर्वजांचा ग्रंथ आहे, आणि त्यातील पूजाविधी वाचताना जाणवते की आबकारीच्या फडताळात जी वस्तू बाटल्यांच्या संख्येने मोजली जात होती, तीच वस्तू देवळाच्या अंगणात मंत्रासारखी हाताळली जात होती.

स्वातंत्र्यानंतर पहारेकऱ्याची वर्दी बदलली. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा मोहाच्या फुलांची वेगळी दखल घेणारा होता, आणि पुढे मराठवाड्यालाही तो लागू झाला. जे पेय निजामीत महसूल बुडविते म्हणून गुन्हा होते, ते आता नीती बुडविते म्हणून गुन्हा ठरले. या नीतीच्या बाजूलाही वजन आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. गुत्त्यावर आणि हातभट्टीवर रोजची मजुरी घालविणाऱ्या पुरुषाच्या बायकोचे दुःख खरे आहे. १९९२ मध्ये आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंट्याच्या बायकांनी दारूविरुद्ध जे आंदोलन उभे केले, ते अशाच दुःखातून उभे राहिले, आणि गडचिरोलीत १९९३ पासून लागू झालेली बंदी आदिवासींच्या पुढाकाराशिवाय शक्य नव्हती. परंतु रोज विकत मिळणारी दारू आणि कार्यापुरती घरी काढलेली दारू यांना एकाच कलमात बसविणे हा अन्याय होता, आणि १९७५ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना आदिवासी भागातील व्यापारी विक्री बंद करून घरगुती वापरापुरते परंपरागत पेय करू देण्याच्या सूचना दिल्या, तेव्हा कौटिल्याचा तो जुना भेद सरकारी कागदावर दोन हजार वर्षांनी परत आला.

अलीकडे मात्र वारा फिरला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहाच्या फुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील बंधने उठविली. मध्य प्रदेशाने त्याच वर्षी मोहाच्या मद्याला वारसा-मद्य म्हणण्याचे ठरविले आणि तेथील एका बचत गटाच्या बाटलीवर ‘मोहुलो’ हे नाव आले. पालघरच्या डहाणूकडे तयार झालेला ‘महुरा’ आता काचेच्या देखण्या बाटलीत, उत्तम छापील चिठ्ठीसह, शहरी गिऱ्हाइकांसमोर ठेवला जातो. मी या उद्योगाचा विरोधक नाही. ज्या पेयाची शंभर वर्षे ‘गावठी’ आणि ‘हातभट्टी’ म्हणून हेटाळणी झाली, त्याला मानाचे नाव मिळते आहे, हे मला आवडते. केवळ एवढेच वाटते की नाव देण्याचा हक्क फूल वेचणाऱ्याचा आधी असावा.

किनवट तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालणे किंवा त्यांचे नियमन करणे यासंबंधी ग्रामसभेला अधिकार देण्याची तरतूद आहे. हा अधिकार आतापर्यंत बहुधा दुकान नको म्हणण्यासाठीच आठवला जातो. तो वापरून एखाद्या गावच्या बायांनी बैठकीत बसून ठरविले की देवाच्या कार्यासाठी किती गाळावी, विकण्यासाठी गाळूच नये की परवान्याने गाळावी, आणि विकली तर तिच्यावर इस्लापूर, बोधडी की मांडवी यांपैकी कोणाचे नाव लिहावे, तर तो ठराव तहसील कचेरीत दाखल करून घेण्याजोगा आहे, आणि आबकारीच्या ज्या अंमलदाराकडे तो जाईल त्याने त्याचे उत्तर लेखी दिले पाहिजे.