शिक्षक समूह (सोलापूर जिल्हा)

शिक्षक समूह : अध्यापनातील अडचणी, साहित्य आणि अनुभव यांची देवाणघेवाण करण्यासाठी शिक्षकांनी प्रत्यक्ष भेटीतून किंवा मोबाइलवरून बांधलेले गट. सोलापूर जिल्ह्यात त्यांची गरज पटकन लक्षात येते. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत ११ तालुक्यांत पसरलेल्या या जिल्ह्यात वाड्या-वस्त्यांवर अनेक द्विशिक्षकी शाळा आहेत. अशा शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात, आणि आपल्याच इयत्तेला शिकवणारा दुसरा शिक्षक थेट शेजारच्या गावात असतो.

भेटीगाठींची सरकारी चौकट पूर्वीपासून आहे. जवळपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र होते, त्यावर केंद्रप्रमुख असतो आणि केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद आलटून पालटून वेगवेगळ्या शाळांत भरते. जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) माळशिरस तालुक्यातील वेळापूर येथे आहे. शिक्षक संघटनांचीही अधिवेशने होतात. मात्र तेथे बदल्या, वेतन आणि निवृत्तिवेतन यांपुढे वर्गातल्या प्रश्नांना फारसा वेळ उरत नाही.

केंद्राच्या शिक्षण परिषदेचा निम्मा वेळ परिपत्रके वाचण्यात जातो, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. उरलेल्या वेळात मात्र कधी कधी मोलाचे काही हाती लागते. हातच्याची वजाबाकी घ्या. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या मांडून ५२ मधून २७ कसे काढायचे, हे एखादी शिक्षिका करून दाखवते. सुट्ट्या दोनच असल्याने सात निघत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, ‘बाई, गठ्ठा तुम्ही सोडता की पोरं?’ सगळी मेख तिथेच असते. गठ्ठ्याचे रबर मुलाने स्वतः काढून बारा काड्या मोजल्या, तरच फळ्यावरचा दोनाचा बारा त्याला कळतो. तयार चित्रफितीत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण ती बनवणाऱ्याला मध्येच कोणी अडवत नाही.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि एकमेकांच्या शाळा पाहण्याला वेग आला. ज्ञानरचनावादी अध्यापन पाहण्यासाठी राज्यभरातील शिक्षक सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटला (काही केंद्रांच्या गटाला) जाऊ लागले. परतल्यावर अनेकांनी आधी तिथल्यासारखी वर्गाची फरशी रंगवली. शिकवणे बदलायला त्याहून जास्त वेळ लागला. त्याच सुमारास ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रुळला आणि तालुक्या-तालुक्यांत व्हॉट्सॲप समूह निघाले. सोलापूरच्या स्टेट इनोव्हेशन अँड रिसर्च फाउंडेशनने (सर फाउंडेशन) शिक्षकांचे नवोपक्रम एकत्र आणून इतरांपर्यंत पोचवण्याचे काम केले. २०२० च्या टाळेबंदीत राज्याची ‘अभ्यासमाला’ (घरी करायचा अभ्यास) पालकांपर्यंत पोचली, तीही मुख्यतः शिक्षकांच्या समूहांमधूनच.

एका शाळेतले काम किती दूर जाऊ शकते, याचे ठळक उदाहरण याच जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील धड्यांना क्यूआर कोडद्वारे ध्वनी-चित्रफिती जोडल्या. पुढे राज्याच्या पुस्तकांत असे कोड आले. इंटरनेटवरून त्यांनी परदेशांतील वर्गांशी संपर्क ठेवला. भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाइन अशा तणावग्रस्त देशांतील तरुणांना जोडणाऱ्या उपक्रमातही त्यांचा सहभाग होता. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार जाहीर झाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांचा भर पुरस्काराच्या रकमेवर राहिला. शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की खेड्यातल्या एका वर्गात केलेली युक्ती दुसऱ्यांना वापरता येईल अशा रूपात बाहेर पडली.

समूहांचे दोषही उघड आहेत. ‘माहिती आजच भरून पाठवा’ असे आदेश, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पुढे ढकललेल्या पीडीएफ यांत कामाचा प्रश्न वाहून जातो. अधिकारी समूहात असतील, तर ‘मला हे जमत नाही’ असे लिहायला कोणी धजावत नाही; तिथे फक्त यशाचे फोटो येतात. नवख्या शिक्षकाला खरी मदत होते ती प्रत्यक्ष ओळख झालेल्या पाच-सात जणांच्या लहान गटात, कारण तिथे फसलेला पाठही सांगता येतो.

सोलापुरात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. शहरात उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत, तर अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या सीमेलगतच्या तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या. बालभारती ८ भाषांत पाठ्यपुस्तके काढते. पण समूहांत फिरणारे स्वाध्याय, तक्ते आणि चित्रफिती बहुतांशी मराठीत असतात. इतर माध्यमांच्या शिक्षकांना त्या भाषांतरित करून घ्याव्या लागतात किंवा स्वतः तयार कराव्या लागतात.