अबू बकर, जोहोरचा सुलतान
(३ फेब्रुवारी १८३३ – ४ जून १८९५). मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकावरील जोहोर राज्याचा सुलतान व आधुनिक जोहोरचा शिल्पकार. त्याचा जन्म सिंगापूर बेटावरील तेलोक ब्लांगा येथे तमंगोंग घराण्यात झाला. तमंगोंग हे सुलतानाच्या दरबारातील एक वंशपरंपरागत उच्च पद होते. १८५५ च्या करारान्वये मुआर–केसांगचा भाग वगळता जोहोरची सत्ता अबू बकरचा पिता इब्राहीम याच्याकडे आली. परंतु सुलतान हा किताब अली याच्याकडेच राहिला. सत्ता असूनही किताब नाही, ही उणीव भरून काढणे हे अबू बकरच्या राजनीतीचे मुख्य सूत्र ठरले.

त्याचे शिक्षण बेंजामिन कीझबेरी या मिशनऱ्याच्या शाळेत झाले व इंग्रजीवर त्याने प्रभुत्व मिळविले. १८६२ मध्ये पित्याच्या मृत्यूनंतर तो तमंगोंग झाला. तांजुंग पुत्री ह्या वसाहतीस १८६६ मध्ये जोहोर बारू हे नाव देण्यात आले. जंगलव्याप्त नदीखोरी चिनी म्होरक्यांना (कांगचू) सनदेने देऊन त्याने मिरी व गांबियर यांच्या लागवडीस उत्तेजन दिले. त्यातून राज्याचा महसूल वाढला व प्रशासनाची घडी बसविणे शक्य झाले.

१८६६ मध्ये इंग्लंडला जाऊन त्याने व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली. १८६८ मध्ये त्याने महाराजा हा किताब धारण केला. १८७४ च्या पांगकोर करारानंतर पेराक, सेलांगोर इ. राज्यांत ब्रिटिश रेसिडेंट आले. हिंदी संस्थानांतील रेसिडेंटप्रमाणेच त्यांचा सल्लाही व्यवहारात आज्ञाच ठरे. अबू बकरने इंग्रजांशी सहकार्य केले आणि पाश्चात्त्य धर्तीचे प्रशासन स्वतःच उभारून हस्तक्षेपास निमित्त मिळू दिले नाही. ११ डिसेंबर १८८५ रोजी लंडन येथे झालेल्या करारान्वये ब्रिटिशांनी त्यास जोहोरचा सुलतान म्हणून मान्यता दिली. मात्र त्याच्या मोबदल्यात परराष्ट्रसंबंधांवरील नियंत्रण त्यांच्याकडे गेले. करारात ब्रिटिश प्रतिनिधी नेमण्याची तरतूद असली, तरी त्याच्या हयातीत तशी नेमणूक झाली नाही.

ह्या सार्वभौमत्वाची कसोटी एका खाजगी दाव्यात लागली. ‘ॲल्बर्ट बेकर’ ह्या नावाने इंग्लंडमध्ये वावरत असता त्याने विवाहाचे वचन मोडले, असा आरोप करून एका इंग्रज स्त्रीने त्याच्यावर फिर्याद केली. तो स्वतंत्र सार्वभौम असल्याचा ब्रिटिश वसाहत खात्याचा निर्वाळा निर्णायक मानून इंग्रज न्यायालयाने दावा चालविण्यास नकार दिला (मायघेल विरुद्ध जोहोरचा सुलतान, १८९४). कराराने परराष्ट्रव्यवहार सोडून दिले, तरी सार्वभौमत्व नष्ट होत नाही, असे त्यामुळे मानले गेले. पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात हा निर्णय वारंवार उद्‌धृत झाला.

१४ एप्रिल १८९५ रोजी त्याने जोहोरची लिखित राज्यघटना जारी केली. मलाय राज्यांतील ती पहिली होय. राज्याचा कोणताही भाग परकीय सत्तेस देण्यास तीत राज्यकर्त्यालाच मनाई केली होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत लंडन येथे त्याचे निधन झाले. दफन जोहोर बारू येथे करण्यात आले.

त्याचा पुत्र इब्राहीम याच्या कारकीर्दीत, १९१० मध्ये, जोहोरला ब्रिटिश सल्लागार स्वीकारावा लागला आणि १९१४ च्या करारानंतर त्याचा सल्ला बंधनकारक झाला. जोहोरचे स्वातंत्र्य कायद्याने मान्य झाले होते. परंतु ते टिकले मुख्यतः अबू बकरच्या व्यक्तिगत मुत्सद्देगिरीवर आणि ब्रिटिशांच्या सोयीवर, हे यावरून स्पष्ट होते.