देशाचं सैन्य कसं चालतं आणि त्यात नगर जिल्ह्याचं काम काय?

अहिल्यानगर : के. के. रेंजवर सराव सुरू झाला की खारे कर्जुने परिसरात तोफांचे आवाज घुमतात. भिंगार कॅम्पमध्ये लष्कराच्या गाड्यांची ये-जा रोजचीच. पण हे सगळं कुणाच्या हुकमाने चालतं, आणि जमीन, भरती किंवा पेन्शनचा प्रश्न आला तर जायचं कुणाकडे, हे अनेकांना माहीत नसतं.

वरपासून खालपर्यंत

राज्यघटनेच्या कलम 53 नुसार तिन्ही दलांचे सर्वोच्च प्रमुख राष्ट्रपती. प्रत्यक्ष निर्णय पंतप्रधान आणि केंद्रीय मंत्रिमंडळ घेतं, तर कारभार संरक्षण मंत्रालय पाहतं. भूदल, नौदल आणि हवाई दल यांना स्वतंत्र प्रमुख आहेत. तिघांत ताळमेळ राहावा म्हणून संरक्षण दल प्रमुख, म्हणजे सीडीएस हे पद निर्माण झालं. जनरल बिपिन रावत यांनी 1 जानेवारी 2020 रोजी पहिले सीडीएस म्हणून सूत्रं घेतली.

भूदलाच्या सात कमांड आहेत. सहा कमांड प्रत्यक्ष मोहिमांसाठी, तर सिमल्याची सातवी प्रशिक्षणासाठी. महाराष्ट्र ज्या दक्षिण कमांडमध्ये येतो तिचं मुख्यालय पुण्यात आहे. कमांडखाली कोर, मग डिव्हिजन, ब्रिगेड आणि त्याखाली पायदळाची बटालियन किंवा रणगाड्यांची रेजिमेंट. एका रणगाडा रेजिमेंटकडे साधारण 45 रणगाडे असतात.

नगरचं काम : माणसं आणि यंत्रं तयार करणं

या साखळीत नगरची ओळख प्रशिक्षणासाठी आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल 1948 पासून इथे आहे. रणगाडा चालवणं, त्याची तोफ डागणं, वायरलेस सांभाळणं हे जवान आणि अधिकारी इथे शिकतात. यांत्रिकी पायदळाचं रेजिमेंटल सेंटरही नगरलाच आहे. चिलखती गाडीतून रणगाड्यांसोबत पुढे जाणारं हे पायदळ. जुन्या पायदळ रेजिमेंटमधल्या बटालियन एकत्र आणून 1979 मध्ये ही रेजिमेंट उभी राहिली.

लष्करी वाहनांवर संशोधन आणि चाचण्या करणारी व्हीआरडीई ही संस्था डीआरडीओच्या अखत्यारीत आहे. 1994 मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय मात्र सर्वांना पाहता येतं. भुईकोट किल्लाही लष्कराच्याच ताब्यात आहे.

के. के. रेंजचा प्रश्न

तयारी करायची तर गोळीबाराला मोकळी जागा लागते, आणि इथेच शेतकऱ्याचा संबंध येतो. रेंजचा काही भाग पूर्वीपासून लष्कराच्या मालकीचा आहे. त्याला लागून राहुरी, नगर आणि पारनेर तालुक्यांतल्या 23 गावांच्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतोय. 2020 मध्ये तो थेट संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेला.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. सरावासाठी क्षेत्र अधिसूचित करणं वेगळं आणि जमीन संपादित करणं वेगळं. पहिलं काम 1938 च्या मैदानी गोळीबार व तोफखाना सराव कायद्याने होतं. त्यात सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. सरावाच्या काळात धोक्याच्या क्षेत्रात जायला बंदी असते, गावांना आधी सूचना द्यावी लागते आणि पिकाचं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. भरपाई ठरवण्याचं काम महसूल यंत्रणेचं. म्हणून नुकसान झालं की लगेच पंचनाम्याची मागणी करावी.

संपादन होतं ते 2013 च्या भूसंपादन कायद्याने. त्यात प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकतीसाठी 60 दिवस मिळतात. मात्र संरक्षणाच्या कामासाठी सरकार तातडीचं कलमही वापरू शकतं, हे ध्यानात ठेवावं. नुसती सरावाची अधिसूचना निघाली म्हणजे जमीन गेली, असं नाही.

आणि एक : रानात न फुटलेला गोळा दिसला तर भंगार म्हणून उचलू नये. लांब राहून पोलिसांना कळवावं.

कुठल्या कामाला कुठे?

भरती : सध्या जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. सेवा चार वर्षांची, त्यानंतर 25 टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होतात.

माजी सैनिक, वीरपत्नी : जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

भिंगार छावणीतली नागरी कामं : छावणी परिषद. ती महापालिकेच्या नव्हे, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते.

रेंजची सूचना, नुकसानभरपाई : तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालय.

जमीन घ्यायची की नाही, हे कॅम्पमधला अधिकारी ठरवत नाही. तो निर्णय सरकारचा असतो. त्यामुळे ग्रामसभेचा ठराव आणि लेखी हरकत जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सरकारपर्यंत पोचवून त्याची पोच जपून ठेवणं, हेच गावाच्या हातातलं काम.