तळटीप : नूरजहाँ
नूरजहाँ : मूळ नाव मेहरुन्निसा. १६११ साली जहांगीराशी निकाह झाल्यावर तिला आधी ‘नूरमहल’ आणि १६१६ मध्ये ‘नूरजहाँ’ हा किताब मिळाला. पुढे ती ‘पादशाह बेगम’ झाली. किताबांपेक्षा तिची नाणी मात्र जरूर पाहावीत. जहांगीराच्या हुकमाने, नूरजहाँच्या नावामुळे सोन्याचे सौंदर्य शतपटीने वाढले, अशा अर्थाचा फारसी मजकूर त्यांवर कोरलेला आहे. नाण्यावर नाव येणे ही सार्वभौमत्वाची खूण, त्यामुळे तिला नुसती ‘बादशहाची लाडकी बेगम’ म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. तिच्या मुद्रेनिशी हुकूमही सुटत. १६२७ मध्ये जहांगीर वारल्यावर तिचे राजकारण संपले. पुढे लाहोरला राहून तिथेच ती १६४५ मध्ये निवर्तली. शाहजहानची बेगम मुमताज महल ही तिच्या भावाची, आसफखानाची, मुलगी.—संपादक