खिळ्याचं कूळ

नाशिकच्या रामकुंडावर क्षेत्रोपाध्यांकडे दोन तऱ्हेचं लिखाण असतं. एक म्हणजे यजमानांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबा कोणत्या साली आले होते, सोबत कोण होतं, हे त्यांतून निघतं. दुसरं म्हणजे समोर उघडलेली पोथी आणि शेजारचं पंचांग. वही हाताने लिहिलेली, पोथी छापलेली. वहीत माणसांची कुळं सापडतात. पोथीतल्या छापील अक्षराचंही एक कूळ आहे, पण ते मात्र वहीत नाही. ते शोधत निघालं, की वाट मुंबईच्या एका छापखान्यात आणि तिथून थेट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सला पोचते.

छापखान्यातल्या या अक्षराचं नाव खिळा. संस्कृत कील, त्याचा खिळा. सुतार ठोकतो तोच शब्द. पोलादाच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिशाचा रस ओतायचा. थंड झाला की खिळा तयार. इंग्रजीचं काम सव्वीस अक्षरांच्या लहानमोठ्या रूपांवर भागतं. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात. एवढा खटाटोप करायला पैशापेक्षा मोठं काहीतरी पाठीशी लागतं. मुंबईत ते बळ बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या एका श्रद्धेने पुरवलं.

इंग्लंडातल्या चर्चशी न पटलेले प्युरिटन 1620 पासून अटलांटिक ओलांडून न्यू इंग्लंडमध्ये येऊ लागले. देवाचं वचन प्रत्येकाने स्वतः वाचलं पाहिजे, मध्ये कोणी नको, ही त्यांची धारणा. त्यामुळे तिथे वाचणं हे धर्माचरणच होतं. 1636 मध्ये त्यांनी हार्वर्ड कॉलेज स्थापलं, 1640 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या छापखान्यातून स्तोत्रांचं पुस्तक काढलं. 1647 च्या कायद्याने पन्नास घरांच्या प्रत्येक गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमणं बंधनकारक केलं. लोकांना धर्मग्रंथापासून दूर ठेवण्याचा सैतानाचा डाव मोडायचा, हे कारण त्या कायद्यातच लिहिलेलं आहे.

याच छापखान्यात 1663 मध्ये अमेरिकेत छापलेलं पहिलं संपूर्ण बायबल तयार झालं. ते इंग्रजीत नव्हतं. जॉन एलियट या पाद्र्याने ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत केलं होतं. त्याचे खिळे जुळवणाऱ्यांत निपमक जमातीचा एक तरुण होता. छपाईच्या धंद्यावरून त्याचं नावच जेम्स प्रिंटर पडलं. पुढे 1675 मध्ये वसाहतकरी आणि मूळ रहिवासी यांच्यात युद्ध पेटलं. ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांनाही वसाहतकऱ्यांनी एका बेटावर नेऊन डांबलं. अन्न आणि निवाऱ्यावाचून त्यांतले अनेक मेले. अक्षर देणारे हात आणि डांबणारे हात एकाच समाजाचे होते. ही कुळकथा सांगताना ते पान फाडून टाकता येत नाही. युद्धानंतर बायबलची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा जेम्स प्रिंटर पुन्हा त्याच खिळ्यांपुढे उभा होता. ते काम नीट जाणणारा दुसरा माणूस एलियटला मिळत नव्हता.

वाचायला लावणारी ही श्रद्धा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा उसळली. 1806 च्या ऑगस्टमध्ये विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात सापडून गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. आशियात धर्मप्रसाराला जायचं, ही प्रार्थना त्यांनी तिथे केली. त्यातून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था उभी राहिली. तिने पाठवलेल्या पहिल्या तुकडीतला गॉर्डन हॉल त्याच कॉलेजात शिकलेला. 1813 च्या फेब्रुवारीत तो आणि सॅम्युअल नॉट मुंबईला उतरले. अमेरिका आणि इंग्लंड यांचं तेव्हा युद्ध चालू होतं, कंपनी सरकारला हे पाहुणे नको होते. परत जाण्याचे हुकूम निघाले, अर्जविनंत्या झाल्या आणि अखेर राहण्याची मुभा मिळाली. हॉल मराठी शिकला.

मराठी त्याआधी छापली गेली नव्हती असं नाही. बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं. त्याच साली मिरजेत गीता छापली गेली. पण मुंबईत हॉलच्या अमेरिकन मिशनने कलकत्त्याहून खिळे आणवले, 1817 च्या मार्चमध्ये आठ पानांची पहिली पुस्तिका काढली आणि मग काम खंडू दिलं नाही.

1826 च्या मार्चमध्ये पुस्तकं आणि थोडी औषधं घेऊन हॉल नाशिकला आला. गावात पटकीने माणसं मरत होती. जवळची औषधं त्याने वाटून टाकली आणि परत फिरला. वाटेत एका देवळाच्या ओसरीवर रात्री आडवा झाला, पहाटे त्यालाच पटकी झाली. स्वतःसाठी पुरेसं औषध उरलं नव्हतं. 20 मार्चला तो गेला. वय 41. सोबतच्या दोन मुलांनी त्याला तिथेच मूठमाती दिली. त्याच साली बायबलचा मराठी नवा करार छापून पुरा झाला.

खिळे मात्र मिशनच्या हातात अडकून राहिले नाहीत. मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून कर्मठ घरांत छापील पोथीला कोणी शिवत नसे. तेव्हा तुपात खललेली शाई करून पोथ्या छापल्या गेल्या. गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांगही छापलं. त्याच मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहमने मराठी अक्षराला सुबक वळण दिलं. तिथेच जावजी दादाजी हा गरीब घरातला मुलगा दोन रुपये पगारावर खिळे घासायला लागला. 1864 मध्ये जावजींनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना घातला, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध छपाईसाठी निर्णयसागरचं नाव पंडितांच्या तोंडी बसलं.

हॉलला हे कसं वाटलं असतं? हिंदूंच्या पोथ्या छापाव्यात म्हणून तो काही समुद्र ओलांडून आला नव्हता. पण प्रत्येकाने स्वतः वाचावं, ही त्याच्या पूर्वजांची शिकवण खिळ्यासोबत इथे आली आणि इथल्या माणसांनी ती आपली केली. याच मिशनने 1827 मध्ये मुंबईला धाडलेली सिंथिया फॅरार पुढे अहमदनगरला मुली शिकवत होती. तिची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. एका पंथाचं कर्तव्य इथे सगळ्यांचा हक्क होऊ लागलं.

म्हणून मला जेम्स प्रिंटर आणि जावजी दादाजी एकाच कुळातले वाटतात. दोघांनाही खिळे दिले दुसऱ्यांनी, पण हातातली कला त्यांची स्वतःची होती. एकाला त्याच्या माणसांसाठी ती वापरण्याएवढा अवकाश मिळाला नाही, दुसऱ्याला मिळाला.

आज रामकुंडावर छापील पोथी उघडताना शाई कशाची, असं कोणी विचारत नाही. विधी आटोपला की उपाध्ये वही पुढे सरकवतात. जुन्या पानांवर पुरुषांची नावं, बहुतेक दुसऱ्याने लिहिलेली. नव्या पानावर आलेली लेक पेन घेते आणि आजोबांच्या नावाखाली स्वतःचं नाव स्वतः लिहिते.